पॅकेट कुठे थांबलं ते आधी बघा

घरी बसवलेला वेब सर्व्हर बाहेरून उघडत नाही, या एकाच तक्रारीची पत्रं गेल्या अंकानंतर इतकी आली की यावेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. माझी नोकरीची वर्षं नेटवर्कच्या नियंत्रण कक्षात गेली. तिथे रात्रपाळीला बसणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीलाच एक शिस्त लावली जायची: पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा, कुठपर्यंत पोहोचलं हे कळल्याशिवाय एकही सेटिंग बदलायचं नाही. खालची उत्तरं त्याच शिस्तीने दिली आहेत.

प्रश्न: ताई, नमस्कार. जुन्या लॅपटॉपवर उबंटू (लिनक्स) टाकून एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवला आणि आजोबांच्या हस्तलिखित वह्या स्कॅन करून त्यांची छोटी वेबसाइट केली. घरच्या वायफायवर १९२.१६८.१.२० टाकलं की सगळ्यांच्या फोनवर ती उघडते. बाहेरगावी असलेल्या बहिणीला मात्र दिसत नाही. बराच वेळ चक्र फिरतं आणि ‘प्रतिसाद मिळायला फार वेळ लागला’ असा संदेश येतो. राउटरमध्ये ८० आणि ४४३ या पोर्टांचं (वेबसाइटच्या ठरलेल्या दारांचं) फॉरवर्डिंग केलंय, म्हणजे तिथे बाहेरून आलेलं लॅपटॉपकडे पाठवायला सांगितलंय. तरी चालेना म्हणून सर्व्हरची फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारा पहारा) बंद केली, राउटरमधला डीएमझेड (बाहेरून येणारं सगळंच एका मशीनकडे पाठवणारं सेटिंग) चालू करून लॅपटॉपचा पत्ता दिला, एनजिनएक्स काढून अपाचे हा दुसरा वेब सर्व्हरही लावून पाहिला. राउटरच्या स्टेटस पानावर सगळं हिरवं आहे: वॅन (बाहेरची बाजू) कनेक्टेड, वॅन आयपी १००.८१.४.१७. ‘माझा आयपी काय’ हे सांगणाऱ्या साइटवर २०३.०.११३.४५ दिसतो, तोच बहिणीला दिला आहे. आता आणखी काय करून बघू?

उत्तर: आणखी काहीही करू नका. एनजिनएक्स ठीक होता, फॉरवर्डिंगही ठीक दिसतंय. अडचण तुमच्या घराबाहेर आहे आणि तिचा पुरावा तुम्हीच पत्रात लिहून पाठवलाय. राउटर म्हणतो, माझा बाहेरचा पत्ता १००.८१.४.१७. बाहेरची साइट म्हणते, तुम्ही आलात २०३.०.११३.४५ वरून. हे दोन्ही पत्ते एकच असायला हवे होते. ते वेगळे आहेत, म्हणजे तुमचा राउटर आणि इंटरनेट यांच्या मध्ये पत्ते बदलणारं आणखी एक यंत्र बसलेलं आहे, आणि ते इंटरनेट कंपनीचं आहे.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ च्या एप्रिलमध्ये आरएफसी ६५९८ या इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या दस्तऐवजाने खास याच कामासाठी राखून ठेवला. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. जगभर पत्ते वाटणाऱ्या आयाना या संस्थेने आपल्याकडचे शेवटचे मोकळे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये देऊन टाकले. तेव्हापासून टंचाई आहे आणि अनेक कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे बरीच घरं बसवतात. याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात; नॅट म्हणजे पत्ते बदलणं. आमच्याकडे सगळे नुसतं सीजीनॅट म्हणायचे.

तुम्ही घरातून एखादी साइट उघडता तेव्हा ते यंत्र नोंद करून ठेवतं: अमुक घरातून, अमुक पोर्टवरून मागणी गेली. उत्तर आलं की नोंद बघून ते त्या घराकडे वळवतं. बहिणीची मागणी मात्र बाहेरून आपणहून येते, तिची नोंदच नाही. २०३.०.११३.४५ च्या ४४३ वर आलेलं पॅकेट नेमकं कोणत्या घराचं, हे त्या यंत्राला कळायला मार्ग नाही, म्हणून ते टाकून देतं. तुमच्या राउटरपर्यंत काही येतच नसेल तर तिथलं फॉरवर्डिंग कितीही अचूक असो, उपयोग शून्य.

बहिणीला दिसलेला संदेशही हेच सांगतो. ‘फार वेळ लागला’ याचा अर्थ पॅकेट वाटेत गडप झालं, कोणी उत्तरच दिलं नाही. ‘कनेक्शन नाकारलं’ असा संदेश आला असता तर निदान कोणत्या तरी यंत्राने ‘इथे या पोर्टवर कोणी ऐकत नाही’ असं कळवलं असतं, आणि मग मी तुम्हाला सर्व्हरकडे बघायला सांगितलं असतं. पत्र लिहिताना संदेशाचे शब्द जसेच्या तसे उतरवा असं मी दर अंकात सांगते ते यासाठी. तुम्ही ते केलंत, म्हणून एवढ्या खात्रीने लिहिता येतंय.

तरी माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः बघा. लॅपटॉपवर टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम, चालवा, त्याला फक्त ८० आणि ४४३ पोर्टची वाहतूक दाखवायला सांगा. आधी घरच्याच फोनवरून वेबसाइट उघडा. लगेच ओळी धावू लागतील. पहिल्या ओळीत फोनचा पत्ता आणि पुढे फ्लॅग्जच्या चौकोनी कंसात फक्त ‘एस’: ही जोडणीची विनंती, सिन. तिच्या खाली लॅपटॉपकडून ‘एस’ आणि टिंब: हे विनंतीला दिलेलं उत्तर, सिन-अ‍ॅक. तिसऱ्या ओळीत फोनकडून नुसतं टिंब, म्हणजे जोडणी झाली. हे चित्र डोळ्यात बसलं की बहिणीला फोन लावा आणि ती वेबसाइट उघडत असताना पडद्याकडे बघत बसा. तिच्याकडून एकही ओळ येणार नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, कारण यानंतर एनजिनएक्स की अपाचे हा प्रश्न कायमचा मिटतो.

इतर वाचकांसाठी एक पुरवणी. वॅन पत्ता १० ने, १९२.१६८ ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ पैकी कशाने सुरू होत असेल, तर आधी घरातच शोधा. बऱ्याचदा कंपनीने दिलेलं यंत्र स्वतःच राउटरचं काम करत असतं आणि आपण त्याच्यामागे आपला दुसरा राउटर लावलेला असतो. पत्ते दोनदा बदलतात आणि फॉरवर्डिंग फक्त दुसऱ्यात केलेलं असतं. पहिलं यंत्र ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचं काम न करता नुसतं पुढे पाठवण्यापुरतं, टाकलं की बहुतेक वेळा काम होतं. घरात दुसरा राउटरच नसेल, तर मात्र ही कंपनीचीच करणी.

आता तुमच्याकडे परत. पुढचा मार्ग निवडण्याआधी आज दोन गोष्टी करा: फायरवॉल परत चालू करा आणि डीएमझेड बंद करा. आत्ता सीजीनॅटच्या आडोशामुळे तुम्ही वाचलात. उद्या कंपनीने सार्वजनिक पत्ता दिला तर त्या क्षणी लॅपटॉपची प्रत्येक पोर्ट उघडी पडेल. नव्या पत्त्यावर पोर्ट चाचपणारे स्वयंचलित प्रोग्राम यायला फार वेळ लागत नाही, आणि मला तुमच्या आजोबांच्या वह्यांची काळजी वाटते. स्कॅनची एक प्रत या लॅपटॉपबाहेरही ठेवा.

मार्ग तीन आहेत. कंपनीला विचारा की सार्वजनिक आयपी मिळेल का. ‘स्टॅटिक’ (कायम तोच राहणारा) हवा असं म्हणण्याची घाई करू नका. पत्ता बदलता असला तरी डायनॅमिक डीएनएसने (वेबसाइटच्या नावाला दर वेळी नवा पत्ता जोडणाऱ्या सेवेने) भागतं, तुमची गरज आहे ती सार्वजनिक असण्याची. आणि ८०, ४४३ या पोर्टांवर बाहेरून येणारी वाहतूक अडवता का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. घरगुती जोडणीवर काही कंपन्या ती अडवतात.

दुसरा मार्ग आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. तिथे पत्ता १२८ बिटांचा, टंचाईचा प्रश्नच नाही, त्यामुळे लॅपटॉपला स्वतःचा जगाला दिसणारा पत्ता मिळू शकतो. तो २ किंवा ३ ने सुरू होत असेल तर कामाचा. एफई८० किंवा एफडीने सुरू होणारे पत्ते घरापुरतेच. यात पोर्ट फॉरवर्डिंग नसतं, राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या पत्त्याच्या ४४३ ला परवानगी द्यावी लागते. अट एवढीच की बहिणीच्या जोडणीवरही आयपीव्ही६ हवं.

तिसरा मार्ग उलट्या दिशेचा, आणि तो सीजीनॅटमागून हमखास चालतो. सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि घरच्या लॅपटॉपने त्याच्याशी आतून बाहेर वायरगार्ड या प्रोग्रामचा बोगदा, म्हणजे दोन मशीनमधली खासगी एन्क्रिप्टेड वाट, जोडायचा. बहीण त्या भाड्याच्या सर्व्हरवर येते आणि तो तिची मागणी बोगद्यातून घरी पाठवतो. वायरगार्ड मार्च २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच (गाभ्यातच) आहे. घरच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवायला विसरू नका. बोगदा गप्प बसला तर सीजीनॅट आपली नोंद पुसून टाकतं आणि बाहेरून येणारं पुन्हा अडतं. हे सगळं स्वतः उभारायचं नसेल तर क्लाउडफ्लेअर टनेलसारख्या तयार सेवा आहेत. तिथे एन्क्रिप्शन त्यांच्या यंत्रावर उघडलं जातं, म्हणजे मजकूर त्यांच्या हातातून जातो, हे समजून वापरा.

पण मला विचाराल तर, या वह्या जगाला दाखवायच्या आहेत की फक्त घरच्यांना? फक्त घरच्यांना असतील तर वेबसाइट बाहेर उघडूच नका. टेलस्केलसारखं खासगी नेटवर्क लॅपटॉपवर आणि बहिणीच्या फोनवर बसवा. ते सीजीनॅटमधून वाट काढतं, फॉरवर्डिंग लागत नाही आणि परक्या कोणाला तुमचा सर्व्हर दिसतही नाही. तुमच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही सांगितल्याप्रमाणे वॅन पत्ता आणि बाहेर दिसणारा पत्ता ताडून पाहिला, दोन्ही एकच आहेत. टीसीपीडंपमध्ये बाहेरून येणाऱ्या सिन ओळीही दिसतात, थोड्या थोड्या वेळाने त्याच पुन्हा येतात. पण सर्व्हर उत्तर देत नाही. घरातून मात्र वेबसाइट छान उघडते. सर्व्हरवर मी एक व्हीपीएनही (दुसऱ्या सर्व्हरमार्फत इंटरनेटवर जायचा खासगी बोगदा) चालू ठेवतो, त्याचा संबंध असेल का?

उत्तर: दाट शक्यता आहे. तुमची चौकशी उत्तम चालली आहे, आता उरलेली जागा फार थोडी. टीसीपीडंप हे पॅकेट फायरवॉलपर्यंत जाण्याआधीच टिपतं. म्हणून ‘पॅकेट दिसलं’ एवढ्यावरून फायरवॉल निर्दोष ठरत नाही. आधी तिचे नियम बघा. ४४३ ला परवानगी फक्त १९२.१६८ च्या पत्त्यांपुरती दिलेली असेल, तर घरून उघडणं आणि बाहेरून अडणं हे दोन्ही एका झटक्यात उलगडतं. विंडोज वापरणाऱ्यांनी नियम कोणत्या प्रोफाइलला लागू आहे, खासगी की सार्वजनिक, तेही बघावं.

नियम ठीक निघाले तर व्हीपीएनकडे वळा. व्हीपीएन चालू झालं की ते बहुधा मशीनची मुख्य वाट, म्हणजे डिफॉल्ट रूट, स्वतःकडे ओढून घेतं. मग बहिणीची असो वा मित्राची, विनंती राउटरमधून येते आणि उत्तर व्हीपीएनच्या बोगद्यातून जायला निघतं. तिकडून ते पोहोचलंच तर पलीकडच्या फोनला अनोळखी पत्त्यावरून आलेलं दिसतं, आणि तो ते टाकून देतो. घरातल्या फोनला ही अडचण येत नाही, कारण त्याचं उत्तर मुख्य वाटेने जातच नाही, थेट घरच्या नेटवर्कवर जातं.

हे बघायचं कसं? एका खिडकीत नेहमीच्या इंटरफेसवर (नेटवर्कच्या जोडणीवर) टीसीपीडंप, दुसऱ्या खिडकीत व्हीपीएनच्या इंटरफेसवर, त्याचं नाव बहुधा ‘टन०’ किंवा ‘डब्ल्यूजी०’ असतं. मोबाइल डेटावरून वेबसाइट उघडा. पहिल्या खिडकीत सिन आणि दुसरीत सिन-अ‍ॅक दिसला, की चोर सापडला. पडताळणीसाठी पाच मिनिटं व्हीपीएन बंद करून बघा. कायमचा इलाज म्हणजे जी विनंती राउटरमधून आली तिचं उत्तर राउटरमधूनच जाईल असा वेगळा रूट टेबल लावणं, यालाच पॉलिसी राउटिंग म्हणतात. ते जड वाटत असेल तर व्हीपीएन ज्या एका कामासाठी लागतं ते काम दुसऱ्या मशीनवर न्या.

प्रश्न: ताई, मी कॉलेजात शिकते. माझ्या डोमेन नावावर वेबसाइट चढवली. मैत्रिणींना त्यांच्या घरून दिसते, पण मला माझ्याच घरून दिसत नाही! १९२.१६८ चा पत्ता टाकला तर उघडते.

उत्तर: अभिनंदन, तुझा सर्व्हर चालू आहे. तुझ्या फोनने डोमेन नावावरून घराचाच बाहेरचा पत्ता शोधला, पॅकेट राउटरकडे गेलं, आणि ते वळून परत घरातच आणणं सगळ्या राउटरांना जमत नाही. या वळणाला हेअरपिन नॅट किंवा नॅट लूपबॅक म्हणतात. राउटरमध्ये त्याचं सेटिंग असेल तर चालू कर. नसेल तर घरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) त्या नावाला १९२.१६८ चा पत्ता दे, किंवा एकाच कॉम्प्युटरपुरतं हवं असेल तर त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ लिही. आणि यापुढे ‘बाहेरून उघडतं का’ हे घरच्या वायफायवरून कधी तपासू नकोस. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघ. उलटी फसगतही याच कारणाने होते: सर्व्हर बाहेरून चालत असताना माणसं घरातून तपासतात, बंद आहे असं समजतात आणि चांगलं चाललेलं सेटअप मोडून टाकतात.

प्रश्न: माझी वेबसाइट काही लोकांना लगेच उघडते, काहींना कधीच नाही. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं एचटीटीपीएससाठीचं प्रमाणपत्र आधी मिळालं होतं, आता नूतनीकरण फसतं. मधल्या काळात फक्त राउटर बदलला आहे.

उत्तर: डोमेनच्या नोंदी उघडा आणि ‘ए’ सोबत ‘एएएए’ नोंद आहे का बघा. ‘ए’ मध्ये आयपीव्ही४ चा पत्ता असतो, ‘एएएए’ मध्ये आयपीव्ही६ चा. माझा अंदाज असा की जुन्या राउटरच्या काळातला आयपीव्ही६ पत्ता तिथे तसाच पडून आहे, किंवा पत्ता बरोबर असून नव्या राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल बाहेरचं काही आत येऊ देत नाही. ज्यांच्याकडे फक्त आयपीव्ही४ आहे त्यांना तुमची वेबसाइट दिसते. ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांची उपकरणं आधी आयपीव्ही६ धरतात. आजचे ब्राउझर तिथे अडलं की चटकन आयपीव्ही४ कडे वळतात, पण प्रत्येक प्रोग्राम एवढा समजूतदार नसतो. लेट्स एन्क्रिप्टची तपासणीही एएएए नोंद असेल तर आधी तिकडेच जाते.

आयपीव्ही६ नीट लावायला आत्ता वेळ नसेल तर एएएए नोंद काढून टाका. नोंदीच्या टीटीएलइतका (ती साठवून ठेवायच्या मुदतीइतका) वेळ जुनं उत्तर लोकांच्या डीएनएसमध्ये राहील, तेवढं थांबा. त्यानंतर नूतनीकरण करून बघा. साध्या एचटीटीपी तपासणीसाठी ८० पोर्ट बाहेरून उघडी लागते हेही लक्षात असू द्या. पुष्कळ जण ‘आता सगळं ४४३ वर आहे’ म्हणून ८० बंद करतात आणि नेमके नूतनीकरणाच्या वेळी अडकतात. ८० उघडता येण्यासारखी नसेल तर डीएनएस पद्धतीची तपासणी निवडा. तिच्यात बाहेरून सर्व्हरपर्यंत कोणाला यावंच लागत नाही.

प्रश्न: सर्व चालू असतं, पण वीज जाऊन आली की वेबसाइट बंद. फॉरवर्डिंग पुन्हा केलं की चालते.

उत्तर: राउटर पुन्हा सुरू झाल्यावर सर्व्हरला दुसराच घरगुती पत्ता देतो आणि फॉरवर्डिंग जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत राहतं. राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (मशीनला ठरावीक पत्ता राखून ठेवायच्या सेटिंगमध्ये) सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आणि हवा तो आयपी बांधून टाका. त्याच वेळी बाहेरचा पत्ताही बदलत असेल, त्यासाठी डायनॅमिक डीएनएस लावा.

प्रश्न: मित्राने त्याच्या घरून माझा आयपी टाकला तर वेबसाइटऐवजी माझ्या राउटरचं लॉगिन पान उघडलं. फॉरवर्डिंगमध्ये काय बदलू?

उत्तर: फॉरवर्डिंग राहू द्या, हे पत्र वाचून मी तुमचं उत्तर अंक निघण्याआधीच ईमेलने पाठवलं आहे. इतर कोणाच्या घरी हेच होत असेल म्हणून इथेही देते. राउटरचं रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरची सेटिंग्ज बदलायची सोय) चालू आहे आणि ८० पोर्ट राउटरने स्वतःसाठी धरून ठेवली आहे. म्हणून फॉरवर्डिंगचा नियम असूनही पॅकेट सर्व्हरपर्यंत जात नाही. पॅकेट राउटरपर्यंत पोहोचतंय, म्हणजे सीजीनॅट नाही, हा यातला चांगला भाग. पण तुमच्या राउटरचं लॉगिन पान कोणालाही उघडता येतंय ही गोष्ट वेबसाइट बंद असण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. रिमोट मॅनेजमेंट लगेच बंद करा. राउटरचा पासवर्ड मूळचाच असेल तर बदला, आणि फर्मवेअरची (राउटरच्या आतल्या प्रोग्रामची) नवी आवृत्ती आली असेल तर चढवा. फॉरवर्डिंगच्या यादीत किंवा डीएनएसच्या सेटिंगमध्ये तुम्ही न टाकलेली एखादी नोंद दिसते का, तेही तपासा. दिसली तर राउटर पूर्ण रिसेट करून सगळं हाताने पुन्हा भरा, जुनी बॅकअप फाइल वापरू नका. मग मित्राला पुन्हा आयपी टाकायला सांगा. आता त्याला तुमची वेबसाइट दिसली पाहिजे. ‘कनेक्शन नाकारलं’ किंवा ‘वेळ लागला’ यांपैकी काही दिसलं, तर नेमके शब्द मला कळवा.